सासुरवाडीचा देव आणि शेजारणीचा नंदी

काय सांगायचं तुम्हाला! आधी तो चहा संपवा बघू, नाहीतर मध्येच ठसका लागेल. मी जन्मभर फौजदारी वकिली केली, चोरांच्या बाजूनं भांडून घसा कोरडा केला. पण चोरी करताना सापडल्यावर माणसाला कसं वाटतं, हे मला कुठल्याच अशिलाला विचारावं लागलं नाही. तो अनुभव स्वतः घेतलाय. कुठं? सोलापुरात. कधी? माझ्याच लग्नात!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मला नुकतीच सनद मिळाली होती. वकिली अजून यायची होती, लॅटिन मात्र जिभेवर नाचत होतं. कुणी पाणी मागितलं तरी मी लॅटिनमध्ये उत्तर द्यायच्या बेतात असायचो.

सासरे कोर्टात शिरस्तेदार. मोठमोठे वकील त्यांच्या टेबलाशी हात बांधून उभे राहायचे. अशा माणसावर छाप पाडायची म्हणजे गंमत आहे का? लग्नाच्या सकाळी मांडवात चहा चालला होता, तेव्हा मी विषय काढलाच.

"रोमन लोक चोरी दोन प्रकारची मानायचे," मी म्हणालो. "चोर चोरी करतानाच सापडला तर फुर्तुम मॅनिफेस्टुम. नाही सापडला तर फुर्तुम नेक मॅनिफेस्टुम. सापडणाऱ्यानं चौपट भरायचं, न सापडणाऱ्यानं दुप्पट!"

"म्हणजे शिक्षा चोरीला नव्हे, सापडण्याला की हो!" सासरे म्हणाले.

"अगदी बरोबर! आणि त्या सापडण्याला म्हणायचं, इन फ्लॅग्रान्टे डेलिक्टो. गुन्हा पेटलेला असतानाच!"

"आम्ही रंगेहात लिहितो," सासऱ्यांनी बशीतला चहा ओढला. "शाई कमी लागते."

स्वयंपाकघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या. बायका ऐकताहेत म्हटल्यावर मी आवाज आणखी चढवला आणि सगळं पुन्हा एकदा सांगितलं. हौस हो, दुसरं काय!

लग्न लागलं, पंगती उठल्या. एवढ्यात माझी माढ्याची मावशी आली आणि मला कोपऱ्यात ओढत म्हणाली, "देव चोरलास का न्हाय?"

"काय चोरलं?"

"आरं देवा! निघायच्या आदी नवऱ्यानं सासुरवाडीच्या देवघरातला देव चोरायचा असतो. रीत हाय आपली. लेकीबरोबर माहेरची अन्नपूर्णा गेली पायजे. रिकाम्या हातानं गेलास तर जलमभर मान ऱ्हायचा न्हाय तुला हितं!"

सकाळी चोरीवर व्याख्यान दिलेला माणूस मी! पण सासुरवाडीत मान राहणार नाही म्हटल्यावर करता काय?

"कुणी बघितलं तर?"

"बगतीलच की! वरडत्याल, चोर चोर म्हनत्याल. समदं खोटं असतंय. तू देव सोडू नगंस. अंगठी माग. दिली की मगच देव दावायचा. जा, मांडवाच्या डाव्या हाताचं दार."

आता बघा हं. मावशी मांडवाकडे तोंड करून उभी होती आणि मी मांडवाकडे पाठ करून. तिचा डावा हात तो माझा उजवा, हे मला कळायला हवं होतं. पण डोक्यात सगळं रोम! शिवाय शेजारच्या मल्लम्मांनी आपली पुढची खोली पाहुण्यांना दिलेली, त्यामुळे दोन्ही दारांना तोरण, दोन्ही दारांपुढे रांगोळी. मी आपला माझ्या डाव्या हाताला वळलो.

कुणी ओळखू नये म्हणून मुंडावळ्या काढून खिशात कोंबल्या. उपरणं डोक्यावरून घेतलं. हातात नवरदेवाची कट्यार होती, ती खाली ठेवायची नसते म्हणून तशीच धरली. तिच्या टोकाचं लिंबू मघाशीच कुठंतरी गळून पडलं होतं. जरा डोळ्यांपुढे आणा ते ध्यान!

आतल्या खोलीत अंधार होता. देवघर सापडलं, पण अन्नपूर्णा काही दिसेना. होता एक चांदीचा नंदी, विभूतीत बुडालेला. मी वकिली डोकं चालवलं. ह्यांनी मुद्दाम अन्नपूर्णा लपवून नंदी ठेवलाय! मोठे हुशार लोक! मी नंदी उचलून उपरण्यात घातला.

"अय्यो! कळ्ळा! कळ्ळा!"

दारात एक धिप्पाड बाई, हातात झारा. मला कानडीचं अक्षर येत नव्हतं, पण ह्या शब्दाचा अर्थ 'चोर' हे कळायला दुभाषी लागला नाही. मी ओळखलं, सुरू झाली रीत! आणि हसलो. नुसता हसलो नाही, डोळा मिचकावला.

बाई किंचाळत बाहेर पळाली आणि तिनं बाहेरून कडी घातली. काय झकास नाटक करतात हे लोक, असं म्हणत मी खिडकीशी गेलो.

"कोन हाय रे तू?" ती ओरडली.

"जावई!"

"मला पोरगीच न्हाय, जावई कुटनं आला?"

इथं तरी शंका यायला हवी होती की नाही? छे! मला वाटलं, ही पण रीतच. मी गजांतून कट्यारीचा हात बाहेर काढला आणि ठणकावलं, "देव सोडणार नाही! आधी अंगठी काढा!"

मल्लम्मांनी आपल्या बोटातली अंगठी मुठीत दाबली आणि असा टाहो फोडला की अख्खा मांडव तिकडे धावला. आचारी आला, वाजंत्रीवाले आले, आतल्या सगळ्या बायका आल्या.

"चाकू हाय त्याच्याकडं! माझी अंगठी मागतोय!"

मी गर्दीत सासरे शोधले आणि मोठ्यानं म्हणालो, "मामा, किती वेळ ताणताय? द्या ना अंगठी!"

सासऱ्यांचा चेहरा बघून माझं हसू गोठलं. असा चेहरा माणूस नाटकात करत नाही हो.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "तुम्ही मल्लम्माच्या घरात काय करताय?"

मल्लम्माच्या? घरात शिरून चोरी, हत्यार दाखवून धमकी... एकेक कलम डोळ्यांपुढून जाऊ लागलं. बचाव करायला तोंड उघडलं तर बाहेर काय पडावं?

"मी चोरी केलीय, पण मला चोरायला सांगितलं होतं!"

"कुनी सांगितलं?" मल्लम्मा कडाडल्या.

"मावशीनं!"

"व्हय, मीच धाडलं त्याला!" मावशी पुढे झाली. मल्लम्मा झारा घेऊन तिच्याकडे वळल्या. "म्हंजे टोळीच हाय की!"

सासऱ्यांनी मध्ये पडून रीत समजावली तेव्हा कुठं कडी निघाली. मी बाहेर आलो, एका हातात नंदी, दुसऱ्या हातात कट्यार आणि कोपरापर्यंत विभूती. मल्लम्मा आधी रागानं बघत राहिल्या, मग पदर तोंडाला लावून त्या जे हसत सुटल्या ते मटकन खालीच बसल्या.

"इन फ्लॅग्रान्टे काय ते," सासरे गंभीरपणे म्हणाले. "मुद्देमालासह सापडलात. चौपट! घ्या चार उखाणे."

चारही घेतले. चौथ्याला यमक जुळलं नाही, तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर खऱ्या देवघराकडे फिरकायची माझी काय टाप होती? मी रिकाम्या हातानं निघालो. सोलापूर ते वैराग मावशी एसटीत माझ्याकडे पाठ करून बसली. मी खिडकीबाहेर बघत होतो. खरं सांगतो, रडू येत होतं.

घरी आलो, माप ओलांडलं. बायको सरळ आमच्या देव्हाऱ्यापाशी बसली, ओटीतून काहीतरी काढलं आणि आमच्या देवांत ठेवलं. तिच्या माहेरची अन्नपूर्णा!

मावशीनं आ वासला.

"अगं, हे... कधी?" मी विचारलं.

"तुम्ही खिडकीतनं अंगठी मागत होता ना, तेव्हा. सगळं घर तिकडं पळालं. देवघरात चिटपाखरू नव्हतं."

"पण चोरायचं मी होतं!"

"तुमचं चाललं होतं की तिकडं," ती पदर सावरत म्हणाली. "आणि सकाळी तुम्हीच दोनदा सांगितलंत. सापडला तर चौपट, नाही सापडला तर दुप्पट. माझे दोनच उखाणे लागतात. आत्ता घेऊ की जेवल्यावर?"

तेव्हापासून आमच्या घरात वकील एकच आहे. काळा कोट तेवढा मी घालतो!