सगुणाबाईंची निम्मी पेन्शन

माणसाने दुसऱ्याचे अर्ज लिहू नयेत. मी आयुष्यभर लिहिले. कचेरीतून निवृत्त झाल्यावर तर कॉटनपेटेतल्या आमच्या मराठी मंडळींपैकी ज्याचं म्हणून सरकारदरबारी अडलं, तो ‘गुंडूराव अण्णा आहेत का?’ म्हणत माझ्या दारात यायचा. मलाही ते आवडायचं. फुकटचा मोठेपणा कुणाला नको असतो? त्यातलाच एक कागद सगुणाबाईंचा.

सगुणाबाई म्हणजे जयसिंगराव मान्यांची दुसरी बायको. पहिली इंदिराबाई. सासूशी पटलं नाही म्हणून त्या येलहंक्याला माहेरी गेल्या, त्या परतल्याच नाहीत. काडीमोड काही झाला नाही. जयसिंगरावांनी बासष्ट साली देवळात सगुणाबाईंच्या गळ्यात मंगळसूत्र बांधलं आणि नवा संसार मांडला. जयसिंगराव सरकारी वर्कशॉपात फिटर. पहिली असताना दुसरी केली हे साहेबाच्या कानावर गेलं असतं तर नोकरीच गेली असती. म्हणून कागदावर बायको एकच राहिली, इंदिराबाई. घरात मात्र एकतीस वर्षं चूल सांभाळली, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं हगणंमुतणं काढलं, लेकीला, अनुषाला, वाढवून हुबळीला दिलं, ते सगुणाबाईंनी.

निवृत्तीच्या वेळी पेन्शनच्या कागदांना नवराबायकोचा जोडीचा फोटो लागतो. ‘ऑफिससाठी फोटो काढायचाय,’ एवढंच सांगून जयसिंगराव घरातून निघाले. कोटाला इस्त्री सगुणाबाईंनी केली. तो कोट घालून हा गृहस्थ येलहंक्याला गेला, इंदिराबाईंच्या हातापाया पडला आणि त्यांना स्टुडिओत शेजारी बसवून फोटो काढून आला. हे त्याने मला सांगितलं, सगुणाबाईंना नाही. “त्यांचं नंतर बघू की अण्णा,” म्हणाला. नंतर म्हणजे कधी? त्र्याण्णव साली छातीत कळ आली आणि गेला. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. भित्रा होता.

नवऱ्यामागे बायकोला पेन्शन मिळते, एवढं सगुणाबाईंनी ऐकलेलं. त्यांनी भाबडेपणाने अर्ज देऊन टाकला. तिकडून इंदिराबाईंचाही गेला. कचेरीने हात वर केले. तुमचं तुम्ही मिटवा, नाहीतर कोर्टाचा हुकूम आणा, तोवर कुणालाच काही मिळणार नाही.

कायदा उघड उघड इंदिराबाईंच्या बाजूने होता. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात आणि मी तर शहाण्यांचा शहाणा! इंदिराबाईंच्या भाच्याला, विनोदकुमारला, गाठून मी मधला मार्ग काढला. सगुणाबाईंनी आपला हक्क नसल्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, पेन्शन इंदिराबाईंच्या नावाने सुरू व्हायची आणि दर महिन्याला त्यांनी त्यातली निम्मी सगुणाबाईंना द्यायची. निम्मीचं कुठे लिहून ठेवलं नाही. सगळं शब्दावर.

प्रतिज्ञापत्र कन्नडमध्ये झालं. सगुणाबाईंना कन्नड बोलता यायचं, वाचता नाही. म्हणून मी मराठीत सांगितलं, “मयताशी माझा विवाह झालेला नाही. मी त्यांच्या घरी स्वयंपाकाला होते.”

“स्वयंपाकाला?”

“वकील म्हणतात, असं लिहिलं की पुन्हा कुणी शंका काढत नाही.”

“मग अनुषा कोण, अण्णा? स्वयंपाकीणबाईची पोर?”

“कागदापुरतं आहे हो. पोट भरायचं की नाव लावायचं?”

हे मी बोललो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. सगुणाबाई “सरी”, म्हणजे बरं, म्हणाल्या आणि सही केली.

इंदिराबाई शब्दाला जागल्या, हे मानलंच पाहिजे. पण पैसे न्यायला स्वतः येलहंक्याला यायचं, हा त्यांचा हट्ट. दर महिन्याच्या पाच तारखेला सगुणाबाई मॅजेस्टिकच्या स्टँडवरून बस धरायच्या. पहिलं वर्षभर इंदिराबाईंनी दार उघडलं नाही. पैसे खिडकीतून द्यायच्या आणि वर म्हणायच्या, “तू माझ्या घरात शिरलीस.” सगुणाबाई खालमानेने ऐकून परत यायच्या. बिचारी बाई! शिरली तेव्हा त्या घरात बायको म्हणून कुणी नव्हतं.

पंच्याण्णवच्या सुमारास इंदिराबाईंना साखरेच्या दुखण्याने धरलं. पायाची जखम भरेना. सगुणाबाई माझ्याकडे आल्या.

“अक्कांना काही झालं तर पेन्शन?”

“त्यांच्याबरोबर बंद.”

“आणि माझी निम्मी?”

“कशाची निम्मी, सगुणाबाई? कागदावर तुम्ही कुणीच नाही.”

तेव्हापासून या बाईने सवतीचा जीव स्वतःच्या जिवापेक्षा जपला. आधी आठवड्यातून एक दिवस, मग दोन, शेवटी कॉटनपेटेतली खोली सोडून तिथेच मुक्काम. जखम धुवायची, गोळ्या वेळेवर द्यायच्या, नाचणीची आंबील करायची, गूळ-साखर कुलपात ठेवायची. दर नोव्हेंबरात पेन्शनवाल्याला आपण जिवंत असल्याचं बँकेत जाऊन दाखवावं लागतं. सगुणाबाई त्यांना ऑटोत घालून न्यायच्या, बखोटीला धरून पायऱ्या चढवायच्या. “अक्का, स्वल्प चला, दोनच पावलं.” सवत मरावी म्हणून नवस बोललेल्या बायका मी पाहिल्यात. सवतीला शंभर वर्षं आयुष्य मागणारी ही एकच.

आळीतल्या बायका सगुणाबाईंचे गोडवे गायच्या. इंदिराबाई मात्र फसणाऱ्या नव्हत्या. एकदा मी भेटायला गेलो तर माझ्यादेखत म्हणाल्या, “गुंडूराव, ही माझी सेवा करते असं समजू नका. ही गाय सांभाळतेय. दूध आटलं की बघा.” सगुणाबाईंनी ऐकलं आणि पुढचा घास त्यांच्या तोंडात घातला. नाही म्हणाल्या नाहीत.

अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरात इंदिराबाई गेल्या. निरोप आला तसा मी येलहंक्याला पोचलो. विनोदकुमारने कपाटाच्या किल्ल्या आधीच कमरेला लावल्या होत्या. सगुणाबाईंना तो म्हणाला, “तेराव्यापर्यंत राहा, मग घर भाड्याने द्यायचंय.”

सगुणाबाईंनी असा हंबरडा फोडला की समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं उठून आली. सवतीच्या छातीवर डोकं ठेवून त्या रडत होत्या, कुणाला आवरत नव्हत्या. बायका डोळ्यांना पदर लावून म्हणत होत्या, सख्खी बहीणसुद्धा एवढं करणार नाही. मला ते ऐकवेना. मी जवळ जाऊन वाकलो आणि म्हणालो, “सगुणाबाई, लोक आहेत. आवरा आता.”

त्यांनी मान वर केली.

“ते गेले तेव्हा आळीतले म्हणाले, पहिलीला बोलवा, कुंकू तिचं पुसायचं. मला मागे बायकांत उभं केलं. तेव्हाही तुम्ही आवरा म्हणालात, अण्णा. आवरलं मी. आज नका म्हणू. विधवा मी आज झालेय.”

त्यांनी पुन्हा डोकं टेकलं. मी बाहेर येऊन पुरुषांत उभा राहिलो.