खळ्यावरचा गोल्फ

आमच्या बुढ्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, साठीनंतर गोल्फचा नाद लागला. शेजारच्या शेतात घर बांधून राहिलेल्या रिटायर इंजिनिअर सायबांनी तो लावला. दिग्रस रोडला आमची मुरमाड जमीन होती, तिथं तूरसुद्धा धड येत नसे. त्यात या दोघांनी पाच खड्डे खणले, गावातला डॉक्टर आणि दोन मास्तर गोळा केले आणि क्लब झाला म्हणून पेढे वाटले. मी पेढा खाल्ला आणि हे खूळ वर्षभर टिकणार नाही असं तोंडावर सांगितलं.

हिवाळ्यात नागपूरचे खेळणारे येणार होते. त्यांना आवडलं तर ते दरवर्षी येणार, नाही तर जमीन पुन्हा नांगरायची, असं सायबांशी ठरलेलं. बुढा हे हसून सांगायचा, पण जेवताना अर्धी भाकर ताटात तशीच राहायची. खड्ड्याभोवती बारीक गवत लागतं, त्यावरून चेंडू घरंगळत आत जातो. आमच्या विहिरीचं पाणी कपाशीलाच पुरत नव्हतं. गवत वाळलं आणि चेंडू मुरमावरून उड्या मारत भलतीकडे जायला लागला.

मी एकदा उभं राहून पाहिलं. म्हटलं, गवत कायले पाहिजे, धान्य मळायला करतो तसं खळं करा. मी आणि माझ्या जावेनं प्रत्येक खड्ड्याभोवती माती भिजवली, भुसा घातला, लाकडी धुम्मसानं ठोकून घट्ट केली, वरून शेणानं सारवली. चेंडू सरळ खड्ड्यात गेला. बुढा दिवसभर तेवढंच करत बसला.

नागपूरकर आले ते पायात खिळ्यांचे जोडे घालून. पहिला पाहुणा खळ्यात पाय टाकणार तोच मी वाटेत उभी राहिले.

"जोडे काढा. खळ्यात कोनी जोडे घालून येते काय?"

बुढा मागून हळूच म्हणाला, "अवं, पाव्हणे हायेत थे. जाऊ दे ना."

"पाव्हणे हायेत म्हनून सांगून राह्यली. दुसरा असता त हाकलला असता."

बुढ्याचं तोंड उतरलं. मग त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसला आणि नाड्या सोडायला लागला. त्याच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. ते पाहून डॉक्टर हसला, मग सगळेच हसले आणि सगळ्यांनी जोडे काढले.

ते अजून दर हिवाळ्यात येतात. आता बोअरच्या पाण्यावर चार ठिकाणी गवत आहे. घराजवळचं एक खळं मी ठेवलं, दिवाळीनंतर सारवते. बुढ्याच्या गुडघ्यांनी खेळणं सोडलं. तो खाटेवर बसून येणाऱ्यांच्या पायांकडे पाहत असतो, आणि कोणी विसरलाच तर माझ्याआधी तोच टोकतो.