कंट्रोल-एस आणि सरांचं आजोळ

परवा भर मीटिंगमध्ये माझी चांगलीच फजिती झाली. मी परभणीत आईकडे राहून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. नोकरी पक्की व्हायची होती, त्याआधीचा हा डेमो... स्क्रीन शेअर केलेली आणि समोर नवीन टीम लीड.

सरांचा कॅमेरा कायम बंद आणि बोलणं फक्त इंग्रजीत. हसल्याचं तर कुणी ऐकलेलंच नाही.

टर्मिनल म्हणजे ती काळी स्क्रीन, जिथे सगळं टाइप करून सांगावं लागतं. मी एक कमांड चालवली आणि सवयीनं कंट्रोल-एस दाबलं. बाकी सगळीकडे त्यानं फाइल सेव्ह होते ना... इथे स्क्रीनच गोठली. काहीही दाबलं तरी एक अक्षर उमटेना.

"वन मिनिट सर," म्हणून मी माइक बंद केला.

"लाईट गेली काय गं?" शेजारी तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या आईनं विचारलं.

"लाईट हाय गं. कीबोर्ड मेलाय!"

आता मेलाच आहे म्हटल्यावर मी सगळा राग त्याच्यावरच काढला. इंग्रजी अक्षरांत दणादण टाइप करत सुटले... 'चल की रे मुडद्या'. एंटर. 'आजच मरायचं होतं का'. एंटर. 'सर लय खडूस हाय'. एंटर. दिसतच नाही तर भ्यायचं कशाला!

तेवढ्यात सर शांतपणे म्हणाले, "प्रेस कंट्रोल-क्यू."

दाबलं... आणि बाई गं! सगळं एका दमात स्क्रीनवर आलं. वर मशीननं प्रत्येक ओळीला उत्तरही दिलेलं. 'चल: कमांड नॉट फाउंड'. 'आजच: कमांड नॉट फाउंड'. 'सर: कमांड नॉट फाउंड'.

मी घाईघाईनं माइक चालू करून 'सॉरी सर' म्हटलं... सरांना मराठी कळत नसेल, एवढीच आशा.

"मॅडम, मुडदा मशीनला म्हणलात का मला?" सर चक्क मराठीत बोलले. "खडूस मीच हाय, ते कळालं. माझं आजोळ जिंतूरचं हाय." जिंतूर म्हणजे आमच्याच परभणी जिल्ह्यातलं!

मग हसत हसत त्यांनीच सांगितलं. कंट्रोल-एसनं फक्त दिसणं थांबतं... आपण दाबलेलं सगळं आत पोचतच असतं.

मी काही बोलणार, तोच आई शेंगा टाकून लॅपटॉपपाशी आली. "जिंतूरला कुणाकडचे ओ तुमी?"

पुढं डेमो बाजूलाच राहिला. सरांची मामी इथल्या जवळच्याच पिंगळीची निघाली, आईच्या मैत्रिणीची चुलत बहीण! आईनं त्यांना जेवायला बोलावूनच माइक सोडला.

डेमो नंतर नीट झाला, आणि काल नोकरी पक्की झाल्याचा मेलही आला. पण मला आठवतंय ते सरांचं 'खडूस मीच हाय'... एवढं घाबरलेलं असताना समोरून आपली बोली ऐकू आली, की माणसाला केवढा धीर येतो! थँक्यू, सर.