शेजारच्या काकांचा दुमाला

आमच्या शेजारचे काका शीख होते आणि मराठी बोलायचे. आम्ही शारजात अल मजाजला राहायला आलो त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये त्यांनी मला विचारलं, "कुठले म्हणायचं तुम्ही?" डोक्यावर निळा गोल दुमाला, म्हणजे शीख योद्ध्यांची पगडी, त्यावर पोलादी चक्र, छातीपर्यंत पांढरी दाढी, आणि आवाज थेट मराठवाड्यातला. मी गोंधळून हिंदीत "सातारा से" म्हणालो. ते म्हणाले, "मग मराठीत सांगा की. आम्ही नांदेडचे."

दहावे गुरू शेवटी गोदावरीकाठी नांदेडला राहिले, हे मला शाळेपासून माहीत होतं. तिथे पिढ्यानपिढ्या राहणारी माणसं वांग्याची भाजी खातात आणि "लई ऊन पडलंय बगा" म्हणतात, हे माहीत नव्हतं. काकांचे पूर्वज निजामाच्या काळात पंजाबातून आलेल्या पलटणीत होते. "मग परत का नाही गेले?" असं मी विचारलं. काका म्हणाले, "कुणी बोलावलंच नाही."

काकू वारल्यापासून ते एकटे राहत. एकुलता एक मुलगा दुबई मरीनाला, एका बँकेत. माझ्या बायकोने पहिल्यांदा घरी कोण कोण असतं अशी चौकशी केली तेव्हा काका म्हणाले, "घरी सवा लाख असतात." बायको घरात येऊन म्हणाली, "जरा चक्रम वाटतात." नंतर कळलं, ही निहंग नावाच्या शीख लढवय्या फौजांची जुनी बोली. एकटा माणूस असला तरी तो सवा लाख. शत्रूला संख्या कळू नये आणि आपल्याला एकटं वाटू नये, अशी दुहेरी सोय. भाजलेले हरभरे म्हणजे बदाम. हिरवी मिरची म्हणजे भांडखोर बाई. डबे रिकामे झाले की "लंगर मस्त आहे" म्हणायचं. एकदा काकांनी "बदाम भरपूर आहेत, घेऊन जा" असं सांगितलं म्हणून बायकोने शिऱ्याची तयारी केली. वाटीत फुटाणे आले. शिरा बिनबदामाचा झाला.

गेल्या वर्षी काकांचा उजवा हात मोडला. तलवारीने नाही. घराजवळच्या खालिद लगून या खाडीच्या कडेने ते फिरत होते, समोरून एक लहान मुलगी पायाने ढकलायच्या स्कूटरवरून आली, तिला चुकवताना ते फरशीवर पडले. फोन मला आला. मी त्यांना इमर्जन्सीत नेलं. मनगट सुजत होतं आणि त्यावर पोलादी कडं होतं. मल्याळी नर्स म्हणाली, "अंकल, ये काटना पडेगा." साबण लावून झाला, तेल लावून झालं, कडं हलेना.

काका मला म्हणाले, "माझ्या कपाटात वरच्या खणात दुसरं कडं आहे. मागवून घ्या. हे उतरायच्या आधी ते चढलं पाहिजे."

त्यांची एक किल्ली आमच्याकडे असायची; बायको टॅक्सीने कडं घेऊन आली. नर्स कटर हातात धरून उभी राहिली होती. काकांनी डाव्या हातात नवं कडं घालून घेतलं आणि उजवा हात पुढे केला. "हं, आता काप बेटा." पोलाद कापायला बराच वेळ लागला. या काळात काकांनी नर्सला विचारून घेतलं की तिचं गाव कोणतं, घरी कोण कोण, आणि केरळात मासे कसले मिळतात. मुलगा मरीनाहून निघाला होता, पण शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकून तो पोहोचला तेव्हा प्लास्टर वाळत आलं होतं. त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांनी त्याला पार्किंग मिळालं का, ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. काका दारात उभे, डोक्याला पंचा गुंडाळलेला, डाव्या काखेत निळ्या कापडाचा गठ्ठा.

"तुम्ही मंडळाच्या कार्यक्रमात फेटे बांधता म्हणे."

बांधतो. दुबईत अल क्वोजला माझं ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप आहे, पण मराठी मंडळात मला खिडक्यांसाठी कुणी ओळखत नाही. लग्न, शिवजयंती, पाडवा, कुठेही फेटे बांधायचे असले की मला बोलावतात. मी म्हणालो, "बसा."

आधी केस विंचरायचे होते. जन्मात कधी कात्री न लागलेले पांढरे केस, कंबरेपर्यंत. माझ्या स्वतःच्या डोक्यावर केस नावापुरते, त्यामुळे कंगव्याचा सराव सुटलेला. मी घाबरत घाबरत विंचरत होतो. काका म्हणाले, "ओढा हो. ते तुटत नाहीत, मी तुटत नाही." मग माथ्यावर जुडा बांधला, त्यात छोटा लाकडी कंगवा खोचला आणि कापड घेतलं. हात आपोआप चालले. पूर्ण झालं तेव्हा मागे शेमला रुळत होता आणि वर तुरा उभा होता.

काकांनी आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नवरी कुठंय?" त्यांनी विचारलं.

आमची मुलगी युनिव्हर्सिटीला निघाली होती. ती म्हणाली, "बाबा, जस्ट वॉच अ व्हिडिओ." काका म्हणाले, "व्हिडिओ नको. मी सांगतो."

तेव्हापासून रोज सकाळी, वर्कशॉपला निघायच्या आधी, मी शेजारी जाऊ लागलो. कापड एका टोकाला दाराच्या कडीला अडकवायचं, दुसरं टोक मी ताणायचं, घडी घालायची. मग एकेक पेच. पगडी टोपीसारखी घालायची नाही आणि टोपीसारखी काढायची नाही, जशी चढली तशीच पेच उलगडत उतरवायची. काकांच्या आजोबांनी त्यांना शिकवलं होतं की वार आला तर हेच शिरस्त्राण, जखम झाली तर हीच पट्टी, विहिरीत कुणी पडला तर हाच दोर. नांदेडला होळीला आणि दसऱ्याला हल्लाबोल निघतो, हातात नंग्या तलवारी घेऊन सगळा जमाव धावतो. त्या धावण्यातही ज्याचा पेच ढिला झाला त्याला आजोबा रात्री जेवताना शेजारी बसवून घेत नसत. माझे पहिले कितीतरी दुमाले आजोबांच्या पंगतीतून उठले असते.

मुलगा शुक्रवारी रात्री यायचा आणि रविवारपर्यंत राहायचा. पस्तिशीचा, गुळगुळीत दाढी, बारीक कापलेले केस. शिकायला परदेशी गेला होता, तिथून तसाच आला. काका त्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते, तेव्हाही आणि नंतरही. मी दुमाला बांधायचो तेव्हा तो सोफ्यावर मोबाइल बघत बसायचा. मधेच वर बघायचा, पुन्हा खाली.

एका शनिवारी वर्कशॉपमध्ये चौकटीचे ॲल्युमिनियमचे सेक्शन उचलताना माझ्या कमरेत उसण भरली. रविवारी काकांना जेबेल अलीच्या गुरुद्वारात जायचं होतं. मी पट्टा बांधून त्यांच्या हॉलमध्ये खुर्चीवर ताठ बसलो. हात खांद्याच्या वर जात नव्हते. काका स्टुलावर बसले. मुलगा पाणी प्यायला आला आणि तिथेच उभा राहिला.

"अंकल, आज कौन करेगा?"

मी त्याच्याकडे पाहिलं. काकांनी खिडकीकडे पाहिलं.

त्याने ग्लास ठेवला, हात धुतले, पुसले, आणि वडिलांचे केस हातात घेतले. घेतले आणि थांबला. मी म्हणालो, "खालून सोडव. ओढलंस तरी चालतं." तो विंचरत राहिला. त्याचे हात माझ्यापेक्षा हलके होते.

कापडाचं त्याला काहीच जमेना. काका त्याच्याशी न बोलता माझ्याशी बोलत होते. "त्याला सांगा, कसून ओढ. लढाईत पगडी सुटली तर डोकं जातं."

"कौनसी लढाई, पापा? वी आर गोइंग टू जेबेल अली."

"शेख झायेद रोडवर गाडी चालवतो ना हा?" काका मलाच म्हणाले. "तीच."

तीनदा उलगडलं, पुन्हा बांधलं. शेवटी जे झालं ते डावीकडे कललेलं होतं आणि कानाच्या वर एक फुगा राहिला होता. मुलगा म्हणाला, "पापा, फिर से करता हूँ." काका उठले. "खलास. चला, उशीर होतो."

मी दुखऱ्या कमरेसकट गाडीत बसलो, कारण काकांनी चला म्हटलं होतं. गुरुद्वारात माथा टेकताना सगळ्यांची नजर त्या दुमाल्यावर होती. लंगरमध्ये एक ओळखीचे सरदारजी शेजारी येऊन बसले आणि प्रेमाने म्हणाले, "बाबाजी, आओ, मैं ठीक कर दूँ." त्यांनी हात पुढे केलासुद्धा.

काकांनी डाव्या हाताने तो हात अलगद बाजूला केला. "हाथ मत लगाना. मेरे बेटे ने बाँधी है."

मुलगा समोर वाढायला उभा होता, हातात डाळीची बादली. त्याने ऐकलं. मग तो वाकला आणि माझ्या ताटात डाळ वाढली, आणि पुन्हा वाढली, आणि मी "बस" म्हटल्यावर आणखी एक पळी वाढली.

प्लास्टर निघालं तरी पकड येईना. फिजिओथेरपिस्टने काकांना दाबायला रबरी चेंडू दिला. काकांनी तो आमच्या मुलीला देऊन टाकला आणि गतक्याची काठी काढली. गतका म्हणजे त्यांची लाकडी काठीची तालीम, तलवारीच्या आधीची; एका हातात काठी, दुसऱ्यात छोटी ढाल. संध्याकाळी बिल्डिंगच्या मागे ते हळूहळू काठी फिरवायचे. वॉचमनने पहिल्या दिवशी हटकलं, दुसऱ्या दिवशी खुर्ची आणून बसला. महिनाभरात मनगट वळायला लागलं आणि दुमाला ते पुन्हा स्वतः बांधू लागले. मुलगा मात्र आता शुक्रवारी बँकेतून लवकर निघतो. येताना एक काठी घेऊन येतो, अल क्वोजमध्ये माझ्याच माणसाने तासून दिलेली. केस अजून बारीकच आहेत.

परवा दोघे काठ्या आणि ढाली घेऊन समोरासमोर उभे राहिले. काकांनी पहिलाच वार असा केला की तो मुलाच्या बोटांवर बसला.

"ढाल कुठं होती?" काकांनी विचारलं. मराठीत, आणि थेट त्याला.

माझी बायको वरून फ्रीजमधला बर्फ घेऊन आली.