गोल टोकाचा वस्तरा
ओल्या तुरटीचा वास आला की मला तासगावच्या पेठेतलं ते दुकान आठवतं. वडील मिलिटरीतून रिटायर झालेले, दाढी कायम वस्तऱ्यानेच करायचे. एका सकाळी म्हणाले, "नवा वस्तरा आण." कसला, ते सांगितलंच नाही. दुकानदाराने काचेवर तीन-चार वस्तरे उघडून ठेवले आणि विचारलं, पातं रुंद की अरुंद, टोक गोल की चौकोनी? रुंद पात्यावर साबण जास्त मावतो, अरुंद पातं नाकाखाली सहज वळतं, असं तो सांगत गेला तसा माझा गोंधळ वाढतच गेला. शेवटी तोच म्हणाला, "दाढी कोण करणार हाय?" "वडील. उभा जन्म वस्तऱ्यानेच करत आलेत." "मग चौकोनी न्या. कल्ल्याची रेघ झ्याक येती. नवख्यानं मातूर हात लावू ने, टोक लागतं." मी तोच घेतला. घरी वडिलांनी टोक बघितलं आणि भडकलेच. "ह्यो कशाला आणलास? गोल टोकाचा आणायचा का न्हाई?" मला काही कळेना. "आवं, मुरलेल्या हाताला चौकोनीच बरा, असं दुकानदार म्हणला की!" त्यांनी शालीखालून उजवा हात काढून माझ्यासमोर धरला. हात थरथरत होता. "आता तू करायचीस माझी दाढी, लेका." मी तसाच माघारी गेलो आणि वस्तरा बदलून आणला. आता मी माझी दाढी त्यानेच करतो. चौकोनी टोक पेलण्याइतका हात केव्हाच बसलाय, पण चौकोनी वस्तरा घ्यावासा वाटत नाही.