आमच्यात बसवून पुरतात

"आधी पाय सरळ करा त्यांचे. असं गाडीत कसं नेणार?"

साहेब म्हणाले आणि स्वतःच पुढे झाले. माझा बाप, आमचे आबा, मांडी घालून भिंतीला टेकून बसलेला. मेलेला. साहेबांनी त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले आणि खाली दाबले. कट् असा आवाज आला. आई ओरडली नाही. तिनं नुसता पदर तोंडात कोंबला.

आमच्यात मयत आडवं करत नाहीत. आम्ही गोसावी, नाथपंथी. माणूस गेला की अंग गार पडायच्या आत त्याला मांडी घालून बसवतात, कापडानं बांधतात, अंघोळ घालतात, भस्म लावतात आणि तसंच बसवून पुरतात. वरून मीठ. आबा म्हणायचे, बसलेला माणूस समाधीत असतो, आडवा पडला की मुडदा झाला. ऐंशी घरांची पायपीट करून भिक्षा मागितलेला माणूस तो, पुढं भंगार गोळा केलं. मागणं एकच होतं त्याचं, मला आडवं करू नका.

आमची वस्ती विठ्ठलवाडीला, नाल्याच्या कडेला. पूर्वी शहाडच्या बाजूला नदीकाठी एक पट्टा होता, तिथं आमची माणसं पुरायचो. जमीन गावातल्या मालकाची. म्हातारा मालक काही बोलायचा नाही, वर नारळ द्यायचा. पोरांनी जमीन बिल्डरला विकली. भिंत बांधली, वर काचा लावल्या. माझा आजा त्या भिंतीच्या आत आहे. त्याच्यावर आता गाड्या उभ्या असतात.

आमचं एक मंडळ आहे. नाना त्याचे अध्यक्ष. मंडळ म्हणजे काय, तर एक मोठं पातेलं, चार सतरंज्या, आणि एक नियम. ज्याच्या घरी मयत, त्याच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, वस्ती भाकरी देते. प्रत्येक घरातून मूठभर मीठ येतं. मंडळाकडं सगळं होतं. जागा तेवढी नव्हती.

म्हणून नानांनी साहेबांना बोलावलं. साहेबांची डोंबिवलीत मोठी संस्था. मागासलेल्या समाजांना मदतीचा हात, असा बोर्ड आहे. कोपरला त्यांच्या घरी मी भांडी घासायची. चांगले होते हो माझ्याशी. दिवाळीला साडी द्यायचे. मलाही वाटलं, साहेब आले म्हणजे काहीतरी होईल. कुठल्यातरी कोपऱ्यात चार हात जमीन मिळेल.

साहेब जमीन घेऊन आले नव्हते. शववाहिका आणि फोटोग्राफर घेऊन आले होते.

नाना हात जोडून म्हणाले, साहेब, आमच्यात बसवून पुरतात. साहेब हसले. "अहो, कुठल्या जमान्यात आहात? गाडी आमची, लाकडं आमची. तुम्ही फक्त माणूस द्यायचा."

तुम्ही फक्त माणूस द्यायचा.

नाना त्यांच्या पाया पडले. पांढऱ्या केसांचा माणूस, माझ्या बापाच्या वयाचा. साहेबांनी त्यांना उठवलंसुद्धा नाही, माझ्याकडं वळले. अगं, तू तर शहाण्या घरात वावरतेस, समजाव यांना. आणि परत वाकले, त्याच गुडघ्यांकडं. फोटोवाला म्हणाला, सर, थोडं इकडं बघा.

मी मध्ये गेले. साहेबांचा हात धरला. ज्या हाताचं ताट मी रोज विसळायची, तो हात.

"हात काढा. बाप माझा आहे."

साहेबांचं तोंड लाल झालं. म्हणाले, मग बसा घेऊन. गेले. गाडी गेली. वाटेतूनच त्यांनी घरी बाईसाहेबांना फोन केला असावा, कारण अर्ध्या तासात मला निरोप मिळाला, उद्यापासून येऊ नकोस.

नाना चिडले माझ्यावर. पोरी, तोडलंस तू, पुढच्या वेळी आपल्याला गाडी कोण देणार? मी म्हटलं, नाना, पुढच्या वेळी कोण? तुम्हीच ना? तुमचेही गुडघे मोडू द्यायचे का?

नाना खाली बसले. मग उठले आणि पहार घेऊन आले.

दुपारचं ऊन पत्र्यावर होतं. बाप बसलेला. वास यायला लागलेला. जगात त्याला पुरायला जागा नव्हती, आणि माझ्या घराची लादी सोडली तर माझ्याही नावावर काही नव्हतं. ती लादी आम्ही फोडली. वस्तीतल्या माणसांनी खणलं, बायकांनी घमेल्यानं माती बाहेर काढली. खाली पाणी लागू नये म्हणून मी देवाला हात जोडत होते. आबांना बसवलं. घराघरातून मीठ आलं. मी रडले नाही. रडायला तरी आत जागा कुठं होती?

आता आम्ही मायलेकी त्याच्या शेजारी झोपतो. स्वयंपाक तिथंच. पालिकेचा माणूस आला, म्हणाला, घरात पुरता येत नाही, आरोग्याला धोका आहे, काढा. मी म्हटलं, खरं आहे तुमचं. जागा दाखवा, माझ्या हातानं काढते. त्यानं मोबाइल काढला आणि बोलत बोलत निघून गेला. परत येणार आहेत, पोलीस घेऊन. येऊ देत.

मंडळाची बैठक झाली. या वेळी बायका पुढं बसल्या. फुकटची गाडी नको, लाकडं नकोत, फोटो नको, हे ठरलं. आणि घरातही पुरायचं नाही. यापुढं वस्तीत कुणी गेलं की त्याला भस्म लावायचं, मांडी घालून पालिकेच्या पायऱ्यांवर बसवायचं, आणि सगळ्यांनी शेजारी बसायचं. एक बाई म्हणाली, बोलायला सोपं आहे. स्वतःचं माणूस असं रस्त्यावर कोण बसवणार?

माझी आई दमेकरी, दाराला टेकून ऐकत होती. दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत तिला. तिनं मला जवळ बोलावलं.

"मला बसव पहिली. जागा दिल्याशिवाय उठवू नको."

मी हो म्हटलं.