कुलपातले बिल्ले

साठच्या दशकात मी मुंबईहून वऱ्हाडातल्या दवाखान्यांची एक्स-रे यंत्रं तपासायला जायचो. मी भौतिकशास्त्रज्ञ, पण तिथं मला मेकॅनिकच समजत. अंगावर किरणं किती पडतात ते कळावं म्हणून आम्ही कर्मचाऱ्यांना छातीला लावायचे फिल्मचे बिल्ले पाठवायचो. अमरावतीकडच्या एका दवाखान्यातल्या फिल्म दर खेपेला कोऱ्या निघत. किरणं लागली की फिल्म काळी पडते; यंत्र रोज चालत असताना ती कोरी कशी, हे बघायला मी स्वतः गेलो.

मोठ्या डॉक्टरांनी अभिमानानं कपाटाचं कुलूप काढलं. सगळे बिल्ले आत!

"सरकारी माल आहे. हरवला तर? म्हणून कोणाले देतच नाही."

पलीकडे एक आया रडणारं पोर यंत्राखाली घट्ट धरून उभी होती. हे काम रोज तिचंच. किरणांनी तिच्या बोटांची कातडी भेगाळून काळी पडली होती.

"हिला तरी द्या बिल्ला."

"तिले कायले? ते तं आया आहे."

"मग ऐका," मी ओरडलो, "तुमच्या कपाटाची तब्येत ठणठणीत आहे!"

डॉक्टर खूश झाले.

"तसंच लिहून द्या नं साहेब."